लेथचा चक काढताना, चढवताना आणि वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेथवरच्या अपघाताचं नाव काढलं की डोळ्यांसमोर येतो तो गरम बर (कापताना निघणारा धातूचा चुरा) उडणारा रफ कट. पण त्या वेळी टर्नर सावध असतो. चक म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, जबड्यांसारख्या जॉमध्ये धरून फिरवणारा भाग. त्याची गडबड होते ती कट बंद असताना: चक बदलताना, चावी चकमध्ये विसरल्यावर, जॉब पकडून पहिल्यांदा लिव्हर टाकताना. खालचे प्रश्न त्याच मिनिटांबद्दल आहेत. आयटीआयची मुलं, नवे टर्नर, घरच्या शेडमध्ये छोटा लेथ टाकलेले हौशी लोक आणि जॉब-शॉपचे मालक हेच पुन्हा पुन्हा विचारतात.

चक काढायचा आहे. सुरुवात कुठून करायची?

स्पॅनर शोधण्यापासून नाही. आधी स्पिंडलचा नोज, म्हणजे फिरत्या दांड्याचं चक बसतो ते टोक, ओळखा. चक स्पिंडलला कसा धरलाय हे माहीत नसताना ठोकाठोक सुरू केली की एक तर काहीच हलत नाही, नाही तर नको ते हलतं.

आपल्याकडे प्रामुख्याने चार प्रकार दिसतात. पहिला आट्यांचा नोज: चक किंवा त्याची बॅक प्लेट थेट स्पिंडलच्या आट्यांवर फिरवून बसवलेली. कोन पुलीचे जुने लेथ, हलके वर्कशॉप लेथ आणि छोट्या हौशी मशिनांवर हाच असतो. दुसरा कॅमलॉक: नोजच्या कडेला गोलाकार तीन किंवा सहा चौकोनी भोकं दिसतात, चावी घालून आतला कॅम फिरवायचा, तो चकच्या मागच्या पिना आवळतो. तिसरा लांब टेपर: चकच्या मागे खाचा असलेली मोठी गोल रिंग दिसते, ती सी-स्पॅनरने फिरते. चौथा आखूड टेपरवर बोल्टने आवळलेला. तो मुख्यतः सीएनसीवर आणि मोठ्या मशिनांवर असतो.

मशिनवर कंपनीचं नाव आहे म्हणून नोजचा प्रकार गृहीत धरू नका. हरिहरच्या किर्लोस्करपासून बटाला-राजकोटच्या लेथपर्यंत जुनी मशिनं इतक्या हातांतून गेलेली असतात की हेडस्टॉक (स्पिंडल ज्यात असतो तो भाग) एकाचा आणि चक दुसऱ्याचा, असंही सापडतं. बॅटरी घ्या आणि चकच्या मागे वाकून बघा.

स्टॉप बटण दाबलंय. मेन स्विचही बंद करायचा?

हो. क्लचच्या लेथवर लिव्हर न्यूट्रलला टाकून स्पिंडल थांबवला तरी मोटर चालूच असते. चक पोटाशी धरून वाकलात आणि कोपर किंवा मांडी लिव्हरला लागली तर स्पिंडल फिरणार. मेन स्विच पाडा, आणि दुसरं कोणी तो येऊन टाकणार नाही याची सोय करा. शिफ्ट बदलायच्या वेळी तर नक्कीच.

आट्यांचा चक गच्च बसलाय, हलतच नाही. कसा सोडवायचा?

आधी दिशा समजून घ्या. नेहमीच्या कटिंगमध्ये चकची तुमच्याकडची बाजू खाली जाते. टूलचा जोर चकला मागे ओढतो आणि तो दर कटबरोबर आट्यांवर आणखी आवळला जातो. म्हणून जड रफिंगनंतर चक सहज सुटत नाही. सोडवायचं तर स्पिंडल अडवून चक नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने पुढे न्यायचा, किंवा चक अडवून स्पिंडल उलटा फिरवायचा.

पहिली रीत: बेडवर (चकखालच्या लेथच्या रुळांवर) फळी टाका. सगळ्यात कमी गिअर लावा, म्हणजे स्पिंडल सहज फिरणार नाही. जॉमध्ये जाड षटकोनी बार आडवा धरा, किंवा चकच्या चौकोनात मजबूत चावी उभी बसवा, आणि वरचं टोक आपल्याकडे ओढा. जोर सलग द्या, झटका देऊ नका. हात निसटला तर कुठे आदळेल, हे आधीच बघून ठेवा.

दुसरी रीत: मागच्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून लांबच्या बाजूला, बेड आणि जॉ यांच्या मधे कठीण लाकडाचा ठोकळा उभा करा. जॉ ठोकळ्यावर टेकवा आणि बेल्ट किंवा पुली हाताने उलटी फिरवा. बॅक गिअरमुळे (वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर) हाताचा जोर कित्येक पट होतो. मेन स्विच अर्थातच बंद. ठोकळा बेडच्या सपाट भागावर टेकलेला असावा, व्ही-स्लाइडच्या धारेवर नाही.

तरीही हलला नाही तर गंज सोडवणारं तेल आट्यांच्या सांध्यात सोडा आणि रात्रभर थांबा. बॅक गिअर आणि बुल गिअरची (स्पिंडलवरचा मोठा गिअर) पिन दोन्ही एकदम गुंतवून स्पिंडल जाम करायची एक जुनी युक्ती आहे. सलग, हलक्या जोरासाठी ती चालून जाते. पण जाम केलेल्या स्पिंडलवर हातोडा घातला तर तो ठोका गिअरच्या एकाच दातावर जातो. बिडाचा दात तुटला की तसा गिअर बाजारात शोधत बसा.

आमचे मिस्त्री ठोकळा लावून मोटर रिव्हर्स मारतात. एका झटक्यात निघतो. काय बिघडतं?

निघतो खरा. पुढे काय होतं ते बघा. आटे सैल झाल्यावरही मोटर थांबलेली नसते. दोन-तीन फेऱ्यांत चक आट्यांवरून सुटतो आणि फिरता फिरता बेडवर पडतो, आणि तो पडू नये म्हणून कोणाचा तरी हात आपोआप पुढे जातो. ठोकळा उडाला तर तो कुठे जाईल याचाही नेम नाही. बेडवर पडलेला खड्डा आणि स्पिंडलच्या पहिल्या आट्याला बसलेला मार कायमचा. मिस्त्रींचा अनुभव मोठा असेल, पण ही रीत वाईटच. मोटरने चक चढवणंही तितकंच वाईट: तो थेट खांद्यावर आदळून इतका आवळतो की पुढच्या वेळी काढताना हीच कसरत.

आट्यांच्या नोजवर रिव्हर्समध्ये काम करता येतं का?

चकवर कटिंग करायला नाही. रिव्हर्समध्ये टूलचा जोर चकला सोडवण्याच्या दिशेने लागतो. आटे पाडताना टूल परत आणायला रिव्हर्स मारायची सवय कॅमलॉकवाल्या लेथवर लागलेली असते, आणि माणूस त्याच सवयीने आट्यांच्या लेथवर उभा राहतो.

चक असा सुटण्याची लपून बसलेली आणखी दोन कारणं सांगायला हवीत, कारण त्यांचा विचार कोणी करत नाही. एक म्हणजे फेज. लाइनचं काम झालं, ट्रान्सफॉर्मर बदलला, नवी केबल ओढली, आणि थ्री-फेजच्या दोन वायरी आपसात बदलल्या गेल्या, तर मोटर उलटी फिरते. लिव्हर फॉरवर्डला आणि चक रिव्हर्समध्ये. विजेचं कुठलंही काम झाल्यावर आधी चक उतरवून कमी वेगात फिरण्याची दिशा बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं म्हणजे ब्रेक. हल्ली जुन्या लेथला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवतात आणि हौसेने थांबण्याचा वेळ अर्ध्या सेकंदावर आणतात. स्पिंडल तिथल्या तिथे थांबतो, पण जड चकचा वेग कायम असतो आणि तो स्वतःच आट्यांवरून सुटायला लागतो. आट्यांच्या नोजसाठी थांबण्याचा वेळ सैल ठेवा. चक जितका मोठा, तितका जास्त. पळत्या मोटरला थेट उलट्या दिशेला टाकून थांबवायची सवय तर सोडाच.

कॅमलॉकवरच्या खुणा म्हणजे काय?

या खुणा वाचल्या नाहीत तर कॅमलॉकचा सगळा फायदा वाया. प्रत्येक कॅमच्या तोंडावर एक रेघ असते आणि नोजवर तिच्यासमोर एक खूण. रेघ खुणेसमोर, म्हणजे घड्याळात बाराच्या जागी आली की कॅम मोकळा आणि पिन सुटते. आवळताना कॅम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. आवळल्यावर रेघ तीन आणि सहाच्या मधे थांबायला हवी. तिथे नोजवर दोन व्ही खुणा कोरलेल्या असतात.

रेघ तीनच्या आधीच अडली तर पिन चकमध्ये जास्त आत गेलेली आहे. सहाच्या पुढे गेली तर पिन जास्त बाहेर आहे. दोन्ही वेळा पिनशेजारचा छोटा ॲलन स्क्रू काढून पिन पूर्ण एक फेरी फिरवायची आणि स्क्रू परत लावायचा. अर्धी फेरी चालत नाही, कारण पिनची खाच कॅमकडे तोंड करून राहायला हवी. सहाच्या पुढे गेलेला कॅम हाताला घट्ट लागला तरी त्याच्यावर विसंबू नका.

शेजारच्या शेडमधून उसना आणलेला चक लावताना हे तपासायला विसरू नका. डी१-४ (कॅमलॉक नोजचं एक माप) चा चक डी१-४ च्या कुठल्याही लेथवर बसेल, पण पिना आपल्या लेथला जुळवून घ्याव्या लागतात. डी१-३ आणि डी१-४ ला तीन पिना असतात, डी१-५ पासून पुढे सहा.

काढताना सगळे कॅम बारावर आणले तरी चक टेपरवर चिकटून राहू शकतो. चकच्या मागच्या कडेला पितळी किंवा नायलॉनच्या हातोडीने हलका ठोका द्या. त्याआधी खाली आधार हवा, कारण टेपर कधी चिकटतो आणि कधी अजिबात चिकटत नाही. शेवटचा कॅम फिरवताच चक हातात येऊ शकतो.

लांब टेपरची रिंग सैल झाली आणि पुन्हा घट्ट लागतेय. उलट फिरवतोय का?

नाही, बरोबरच चाललंय. रिंग आधी सैल होते आणि मग पुन्हा अडते, कारण आता ती चकला टेपरवरून बाहेर ढकलत असते. सी-स्पॅनर खाचेत पूर्ण बसवून पुढे फिरवत राहा. खट्‌ असा आवाज येऊन चक सुटेल. त्या क्षणी चक एकदम मोकळा होतो, म्हणून खालचा आधार आधीच लावलेला असू द्या. चढवताना टेपरवरची चावीची पट्टी वरच्या बाजूला आणा, चकची खाच तिच्यावर सरकवणं सोपं जातं.

चक एकट्याने उचलावा का?

आठ इंची थ्री-जॉ साधारण १५ ते १८ किलो, दहा इंची २५ ते ३० आणि बारा इंची ४५ ते ५० किलोच्या घरात जातो. बॅक प्लेटचं वजन वेगळं. आठ इंचीपर्यंत सवयीचा माणूस एकटा उचलतो. पण बेडवर वाकून, हात पुढे लांबवून, तेलकट गोल वस्तू धरायची आहे, हे लक्षात घ्या. जमिनीवरून पोतं उचलण्यासारखं ते काम नाही.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट फुकट मिळते: चकच्या गोलाईएवढी खाच कापलेला लाकडी ठोकळा. तो बेडवर अशा उंचीचा करायचा की चक त्यावर बसला की स्पिंडलच्या सेंटरला यावा. मग उचलायचं नाही, फक्त सरकवायचं. प्रत्येक चकचा ठोकळा वेगळा करून त्यावर खडूने नाव लिहा. दहा इंचीच्या वर दुसरा माणूस किंवा चेन ब्लॉक घ्या. चकला आय-बोल्टचं भोक असेल तर तेच वापरा. जॉला दोरी गुंडाळून लटकवू नका, जॉ फिरला की दोरी निसटते.

आणि बोटं. चक आणि बेडच्या मधे बोट ठेवून कधीही चक सरकवू नका. जॉच्या चेहऱ्यावरून धरा. जॉमध्ये एक आखूड बार पकडून त्याचा दांडा केला तर आणखी चांगलं.

चढवताना एवढं पुसायचं कशासाठी?

नोज आणि चकच्या मधे एक बारीक बर राहिला तर चक तिरका बसतो. मग जॉब आउट फिरतो, लोक जॉला दोष देतात, जॉ ग्राइंड करून आणतात आणि बर तिथेच. आटे किंवा टेपर, नोजचा चेहरा, चकची मागची बाजू हे सगळं रॉकेल आणि ब्रशने साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि मग बोटाने तेलाचा पातळ थर फिरवा. बोटाला जे लागतं ते डोळ्याला दिसत नाही. एअर गनने फुंकू नका. बर बेअरिंगकडे जातो, नाही तर तुमच्या डोळ्याकडे.

चकच्या चावीचा नियम एवढा कडक का?

चावी चकमध्ये राहिली आणि लेथ सुरू झाला, तर पहिल्या अर्ध्या फेरीतच ती बेडवर आदळते किंवा उडते. जड टी-हँडलची चावी डोक्याला लागली तर काय होईल हे सांगायला नको. नियम एकच: चावी चकमध्ये असेपर्यंत हात चावीवरून निघणार नाही. फोन वाजला, मालकाने हाक मारली, चहा आला, तर आधी चावी बाहेर आणि मग मान वळवायची. स्प्रिंगवाली, आपोआप बाहेर ढकलली जाणारी चावी मिळते. शिकाऊ मुलांच्या लेथला तीच द्या. हेडस्टॉकवर चावीची जागा ठरवा. ती जागा रिकामी दिसली की लिव्हरला हात लागणार नाही, अशी सवय लागते.

चावीला पाइप लावून आवळलं तर पकड वाढते ना?

वाढते, आणि त्याबरोबर स्क्रोल (जॉ सरकवणारी चकमधली आट्यांची चकती) आणि पिनियन (चावीने फिरणारा छोटा गिअर) यांचे दात जातात. चकची चावी हाताच्या जोरासाठी बनवलेली असते. एवढ्यानेही जॉब घसरत असेल तर कारण दुसरीकडे शोधा: जॉ झिजलेत, पकड आखूड आहे, कट जास्त खोल आहे, किंवा पातळ नळी आवळून अंडाकृती झाली आहे. नळीसाठी मऊ जॉ बोअर करून घ्या किंवा आत गोल प्लग घाला.

थ्री-जॉचे जॉ काढून परत घातले, आता जॉब मधे येत नाही.

जॉवर १, २, ३ आकडे असतात आणि चकच्या खाचांवरही. चावी फिरवत राहा. स्क्रोलच्या आट्याचं टोक १ नंबरच्या खाचेत दिसलं की किंचित मागे घ्या, १ नंबरचा जॉ दाबून धरा आणि चावी पुढे फिरवून तो गुंतवा. मग २, मग ३. क्रम चुकला की एक जॉ आट्याच्या एका पायरीने मागे राहतो. तिन्ही जॉ मध्यावर नेऊन एकमेकांना भिडतात का, ते बघा आणि मगच जॉब पकडा.

उलटं टोकही लक्षात ठेवा: मोठा व्यास पकडायला जॉ इतका बाहेर नेऊ नका की तो स्क्रोलच्या एखाद-दुसऱ्या आट्यावर लटकेल. जॉ चकच्या बॉडीबाहेर डोकावू लागला की उलटे जॉ वापरा किंवा मोठा चक लावा. बाहेर आलेला जॉ फिरताना दिसत नाही, फक्त एक धूसर कडा दिसते. आणि कॅरेज (टूल घेऊन सरकणारा भाग) तिथपर्यंत जात नाही ना, हे लेथ सुरू करण्याआधी चक हाताने एक फेरी फिरवून बघा. हे दर वेळी करा.

चकमध्ये एवढा जॉब, बाहेर किती?

ढोबळ अंदाज: चकच्या बाहेर जॉब व्यासाच्या तिपटीहून लांब जात असेल तर टेलस्टॉकचा (बेडच्या दुसऱ्या टोकाचा आधार) सेंटर लावा. त्याहूनही बराच लांब असेल तर स्टेडी रेस्ट, म्हणजे मधला आधार. पकड जितकी आखूड, तितका कट हलका. दहा मिमी पकडून मोठी चकती फेस करायची असेल तर सावकाश जा.

खरा धोका मात्र लोक बघतात त्याच्या विरुद्ध बाजूला असतो: हेडस्टॉकच्या मागे. स्पिंडलमधून मागे मीटरभर बाहेर आलेला बारीक बार कमी वेगात सरळ फिरतो. वेग वाढवला की तो एकाएकी वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. मागून जाणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. बार मागे येत असेल तर तो कापून घ्या, किंवा त्याला पूर्ण लांबीचा आधार आणि बंद पाइप द्या.

आरपीएम किती ठेवावा?

चकवर कोरलेला कमाल आरपीएम पहिली मर्यादा, आणि तो चांगल्या स्थितीतल्या चकसाठी असतो. वेग वाढला की जॉ बाहेर फेकले जाऊ पाहतात आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड कमी होते. हे बल आरपीएमच्या वर्गाने वाढतं. ४०० चे ८०० केले तर चौपट, १२०० केले तर नऊपट.

एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला ३० मीटरचा वेग धरला तर ५० मिमी व्यासासाठी १००० गुणिले ३०, भागिले ३.१४ गुणिले ५०, म्हणजे जेमतेम १९० आरपीएम येतो. कार्बाइडने १२० मीटर धरला तरी साधारण ७६०. चक बदलल्यावर, जॉब पकडल्यावर पहिला वेग सगळ्यात कमी, आणि उभं राहायचं ते चकच्या फिरण्याच्या रेषेत नाही, बाजूला.

हातमोजे घालून चक हाताळला तर?

बंद मशिनवर चक उचलताना घाला, काढून ठेवा, मग लेथ सुरू करा. फिरत्या चकजवळ हातमोजा, सैल बाही, ओढणी, गळ्यातला गोफ, हातातलं कडं, मनगटाचा लाल धागा, अंगठी, यातलं काहीच नको. धागा श्रद्धेचा असतो आणि तो काढायला कोणी तयार होत नाही, हे मान्य. मग बाही मनगटापर्यंत घट्ट बटणाची घाला आणि धागा आत ठेवा. चिंधी किंवा कॉटन वेस्ट फिरत्या चकला लावू नका. एमरी पेपर जॉबभोवती बोटांनी गुंडाळू नका, लाकडी पट्टीवर लावून धरा. बर काढायला हूक आहे. गॉगल हवाच.

फोर-जॉ थ्री-जॉपेक्षा धोक्याचा आहे का?

चारही जॉ स्वतंत्र असतात, त्यामुळे एक आवळायचा राहून गेला तरी जॉब वरवर घट्ट वाटतो. डायल गेज लावून जॉब मध्यावर (ट्रू) आणल्यावर चारही चौकोन पुन्हा एकदा क्रमाने आवळून घ्या. वाकडा, एका बाजूला जड असलेला जॉब असेल तर समोर तोल साधणारं वजन बांधा आणि कमी वेगातच राहा. लेथ थरथरतोय, म्हणजे तोल गेलाय.

सीएनसीच्या हायड्रॉलिक चकलाही हेच नियम?

वेगाचं आणि पकडीचं गणित तेच. चक बदलणं वेगळं, ते मशिनच्या मॅन्युअलप्रमाणेच करा. पातळ जॉबला दाब कमी केला असेल तर पुढच्या जड जॉबआधी तो परत वाढवला का, हे शिफ्टच्या वहीत लिहून ठेवा.

जुना चक विकत घ्यायचाय. काय तपासू?

जॉ बंद करून उजेडासमोर धरा. तोंडाशी फट आणि मागे चिकटलेले दिसले तर जॉ झिजून घंटेसारखे झालेत. असे जॉ जॉबला फक्त मागच्या टोकाला धरतात. जॉ खाचेत हलवून बघा. चावी पूर्ण एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मधे कुठे अडत असेल तर स्क्रोल खराब आहे किंवा आत बर साठलाय. बॉडीवर वेल्डिंगचा डाग किंवा केसासारखी भेग दिसली तर भाव कितीही कमी असो, घेऊ नका. बिडाची बॉडी वेल्ड करून फिरवायची वस्तू नाही. रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा, भेग असेल तर थोड्या वेळात ओली रेघ उमटते. आणि मागची बाजू आपल्या नोजची आहे ना, ते मोजा. नसेल तर नवी बॅक प्लेट टर्न करून घ्यावी लागेल, तिची फेसिंग आणि खांदा आपल्याच स्पिंडलवर शेवटचा कट घेऊन करावा.